श्लॉस म्हणजे वाडाही आणि कुलूपही: जर्मन खेड्यांतले किल्ले, मनोरे आणि जमीनदारी वाडे पाहायचे कसे

जर्मन भाषेत 'श्लॉस' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. एक राजवाडा, दुसरा कुलूप. भाषेच्या वर्गात हे ऐकलं तेव्हा नुसती गंमत वाटली होती. पुढे एका नोव्हेंबरच्या शेवटी मोझेल नदीच्या खोऱ्यात ओल्या पाचोळ्यातून दीड तास चालत एका किल्ल्याच्या दारात पोचलो आणि दोन्ही अर्थ एकदम समोर उभे राहिले. हंगाम संपला होता, दार वसंतातच उघडणार होतं. संकेतस्थळावर हे स्वच्छ लिहिलेलं होतं. मी मात्र फोटो पाहून निघालो होतो.

आपल्याला सवय सह्याद्रीची. पहाटे निघायचं, गडाचा दरवाजा शाबूत असला तरी बहुधा सताड उघडा, वर जाऊन टाक्याचं पाणी प्यायचं, मनाला येईल तितकं फिरायचं. जर्मनीतल्या किल्ल्याला मालक असतो, वेळापत्रक असतं, आठवड्याची सुट्टी असते, आणि कित्येकदा त्यात आजही कुटुंब राहत असतं. म्हणून तयारीची सुरुवात किल्ल्याच्या चित्रापासून न करता किल्लीपासून करायची.

आधी नाव वाचा

नावावरून निम्मी माहिती मिळते. 'बुर्ग' म्हणजे लढायला बांधलेला, बहुतेक मध्ययुगीन किल्ला. 'श्लॉस' म्हणजे तोफांपुढे भिंतींचा उपयोग संपल्यावर राहण्यासाठी आणि मिरवण्यासाठी बांधलेला वाडा. 'फेस्टुंग' ही तोफांसाठी बांधलेली लष्करी गढी. 'रुईने' म्हणजे पडका किल्ला, आणि हाच प्रकार कधीकधी विनातिकीट, विनादरवाजा भेटतो. 'हेरेनहाउस' किंवा 'गुट्सहाउस' म्हणजे शेतजमिनीच्या मालकाचा वाडा. आपल्याकडच्या देशमुखी वाड्याच्या जवळ जाणारं प्रकरण. वेस्टफालेन भागात मात्र पाटीवर नुसतं 'हाउस' लिहिलेलं असतं. साधं घर समजून पुढे जाऊ नका, आत खंदकासकट सरदाराचा वाडा निघतो.

बुर्ग आणि श्लॉस यांची सरमिसळही खूप आहे. जुन्या बुर्गचा पुढे श्लॉस झाला, पडलेल्या बुर्गवर एकोणिसाव्या शतकात हौसेनं नवा 'मध्ययुगीन' किल्ला चढवला, असं सर्रास दिसतं. मोझेलकाठचा कोखेमचा राइख्सबुर्ग फ्रेंच सैन्यानं १६८९ मध्ये उद्ध्वस्त केला. आज दिसणारी टोकदार बुरुजांची इमारत लुई राव्हने या बर्लिनच्या व्यापाऱ्यानं १८६८ ते १८७७ या काळात बांधून घेतली. आपल्या भाषेत सांगायचं तर जुना मराठी वाडा नव्हे, त्या वाड्याचा थाटामाटातला चित्रपटी सेट. तो वाईट आहे असं नाही, पण कुठल्या काळातली भिंत आपण पाहतोय हे आत शिरण्याआधी माहीत असावं.

एकच टापू निवडा

चार दिवसांत बव्हेरियातला नॉइश्वानस्टाइन, मधला ऱ्हाईन आणि पूर्वेकडचे वाडे असा बेत करणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा निम्मा वेळ गाडीत जातो. पहिल्या खेपेला माझं मत कोब्लेन्झला. इथे मोझेल ऱ्हाईनला मिळते, दोन्ही खोऱ्यांतून रेल्वे जाते आणि शहरात राहण्याची सोय माफक दरात होते. कोब्लेन्झपासून बिंगेन-र्‍यूडेसहाइमपर्यंतचं सुमारे ६५ किलोमीटरचं ऱ्हाईनचं खोरं २००२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि त्यात चाळीसच्या आसपास किल्ले आहेत. सगळे बघायचे नाहीत. दिवसाला एक नीट, आणि जमलं तर संध्याकाळी एखादा पडका. बस.

किल्लीची चौकशी

बेत ठरवताना किल्ल्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर चार गोष्टी बघा. नकाशाच्या ॲपवरच्या वेळांवर विसंबू नका.

हंगाम कुठून कुठपर्यंत? खासगी मालकीचे पुष्कळ किल्ले साधारण एप्रिल ते ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंतच उघडे असतात. काही जुने मनोरे आणि तळघरं थंडीत वटवाघळांच्या विश्रांतीसाठी बंद ठेवतात, आणि त्यात कुणाची रदबदली चालत नाही.

सुट्टी कधी? 'रूहेटाग' म्हणजे आठवड्याची सुट्टी, बहुतेक ठिकाणी सोमवारी.

आत मोकळं फिरता येतं का? 'नुअर मिट फ्यूरुंग' लिहिलेलं असेल तर मार्गदर्शकाबरोबरच जायचं. इंग्रजी फेरी दिवसातून एकदोनदाच असते. ती हुकली तर जर्मन फेरीत सामील व्हा आणि तिकीट खिडकीवर इंग्रजी माहितीचा कागद मागून घ्या, बहुतेकांकडे असतो. 'लेट्स्टर आइनलास' म्हणजे शेवटचा प्रवेश. ही वेळ बंद होण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीची असते आणि पाच मिनिटं उशीर झाला तर खिडकीतला माणूस हसून नाही म्हणतो.

आणि चौथी, शनिवारी लग्न आहे का? किल्ल्यात नोंदणी लग्न करायची तिथे मोठी हौस आहे. दारावर 'गेश्लॉसेने गेझेलशाफ्ट' अशी पाटी दिसली की समजायचं, आज खासगी समारंभ आहे. लहान वाड्यांना आदल्या दिवशी फोन केलेला बरा. 'नाख फेरआइनबारुंग', म्हणजे ठरवून या, असं लिहिलं असेल तर फोनशिवाय गत्यंतर नाही.

एक तारीख मात्र लक्षात ठेवण्यासारखी: सप्टेंबरचा दुसरा रविवार. १९९३ पासून या दिवशी देशभर 'टाग डेस ऑफनेन डेंकमाल्स', म्हणजे खुल्या वास्तूंचा दिवस असतो. एरवी कुलूपबंद असलेले हजारो वाडे, मनोरे आणि गिरण्या त्या दिवशी उघडतात, बहुतेक फुकट, आणि माहिती सांगायला अनेकदा खुद्द मालक किंवा दुरुस्ती करणारा गवंडी उभा असतो.

जायचं कसं

जर्मनीत राहणाऱ्या बऱ्याच जणांकडे डॉइचलांड-टिकेट असतं (२०२६ पासून महिना ६३ युरो). त्यावर लोकल, प्रादेशिक गाड्या आणि बस चालतात, वेगवान आयसीई-आयसी चालत नाहीत. भारतातून चार दिवसांसाठी आलेल्यांनी राज्याचं एका दिवसाचं तिकीट घ्यावं. ऱ्हाईनलांड-फाल्त्स राज्याचं तिकीट पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं आणि जितकी माणसं जास्त तितकं माणशी स्वस्त पडतं. कामाच्या दिवशी ते सकाळी ९ नंतर चालतं. फ्रँकफुर्ट हेसेन राज्यात येतं, त्यामुळे तिथून माइन्झपर्यंतचं तिकीट वेगळं पडतं.

फसवणूक असते ती शेवटच्या पाच किलोमीटरची. गाडी स्टेशनात वेळेवर सोडते, पण खेड्यातली बस शाळेच्या वेळेला बांधलेली असते. शाळेला सुट्टी तर बसलाही सुट्टी. काही ठिकाणी 'रूफबुस' असते, म्हणजे आधी फोन किंवा ॲपवरून बोलावल्याशिवाय न येणारी बस. परतीची बस उतरतानाच बघून ठेवा.

ऱ्हाईनच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे, पण कोब्लेन्झ सोडल्यावर माइन्झपर्यंत नदीवर एकही पूल नाही. समोरच्या काठावरचा किल्ला नकाशावर अर्धा किलोमीटर दिसतो आणि प्रत्यक्षात होडीशिवाय गाठता येत नाही. संक्ट गोआर ते संक्ट गोआर्सहाउझेन, बोपार्ड ते फिल्सेन अशा होड्या मोटारींसकट चालतात, पण रात्रभर नाही.

पहिला किल्ला: मार्क्सबुर्ग

सुरुवात ब्राउबाखच्या मार्क्सबुर्गपासून करा. कोब्लेन्झहून उजव्या काठाच्या गाडीनं पंधरा मिनिटांच्या आसपास लागतात, स्टेशनवरून वर चढायला अर्धा तास. कारण सरळ आहे: मधल्या ऱ्हाईनवरच्या डोंगरी किल्ल्यांपैकी हा एकच कधी उद्ध्वस्त झाला नाही. १९४५ मध्ये समोरच्या काठावरून अमेरिकन तोफांचा मारा झाला, पडझड झाली, ती पुढे दुरुस्त केली. पण मूळ रचना मध्ययुगातली. हा किल्ला एकदा डोळसपणे पाहिला की बाकीच्या अवशेषांत काय कुठे होतं हे आपोआप ओळखू येतं.

सह्याद्री फिरलेल्या माणसाला इथे अर्धी भाषा आधीच येत असते. 'फोरबुर्ग' म्हणजे बाहेरचं आवार, तबेले, कोठारं. 'हाउप्टबुर्ग' म्हणजे बालेकिल्ला. एकामागून एक दरवाजे, मधली वळणं, शत्रूला कचाट्यात पकडणारी अरुंद वाट, हे सगळं ओळखीचं वाटेल. आत शिरल्यावर खडकातच कोरलेल्या ओबडधोबड, उतरत्या पायऱ्या आहेत, घोडेस्वारासाठीच्या. पावसात त्या साबणासारख्या निसरड्या होतात, तेव्हा चपला आणि गुळगुळीत तळव्याचे बूट नकोत. बाबागाडीही नको, मूल पाठीवर घ्या.

मधला उंच मनोरा म्हणजे 'बेर्गफ्रीड'. आपला बुरुज तटात असतो आणि तोफेसाठी पसरट असतो. बेर्गफ्रीड हा वेगळाच प्राणी. तो बहुधा सुटा उभा असतो, त्याचं मूळ दार जमिनीपासून कित्येक मीटर उंचावर असतं आणि तिथे शिडीनं किंवा लाकडी पुलानं जायचे. प्रसंग आला की शिडी वर ओढून घ्यायची. त्यात कुणी कायम राहत नसे. राहायची इमारत वेगळी, 'पालास', आणि तिच्यातली शेकोटीची उबदार खोली म्हणजे 'केमेनाटे'. खाली दिसणारं दार पाहून 'हे तर सोपं होतं' असं वाटलं तर नीट बघा, ते पुष्कळदा पर्यटकांच्या सोयीसाठी नंतर फोडलेलं असतं. मनोऱ्याच्या तळातल्या अंधारकोठडीच्या गोष्टीही थोड्या सावधपणेच ऐका. एकोणिसाव्या शतकाला साखळदंडांचं फार वेड होतं.

स्वयंपाकघरात मोठी चूल आहे, दिवाणखान्याला लागून भिंतीबाहेर झुकलेला शौचकूप आहे. रायगडावरचे शौचकूप पाहिलेल्यांना तुलना केल्याशिवाय राहवणार नाही. तटाच्या आत मध्ययुगात वापरत त्या औषधी आणि विषारी वनस्पतींची बाग आहे. फेरी पाऊण-एक तासाची. १८९९ मध्ये स्थापन झालेल्या जर्मन किल्ले संघटनेचं मुख्य कार्यालय इथेच आहे. बोडो एबहार्ड या वास्तुविशारदाच्या पुढाकारानं संघटनेनं १९०० मध्ये प्रशियाच्या सरकारकडून हा किल्ला १००० गोल्डमार्कला विकत घेतला. त्यांनी तो वाचवला म्हणून आपण पाहतोय.

दुसरा: एल्ट्स, म्हणजे एका वाड्यात तीन चुली

बुर्ग एल्ट्सचा फोटो तुम्ही पाहिलेला असतो, जुन्या ५०० मार्कच्या नोटेवरही तो होता. कोब्लेन्झ-ट्रियर मार्गावर मोझेलकेर्नला उतरायचं, गावातून बाहेर पडून एल्ट्स ओढ्याच्या काठानं सुमारे ५ किलोमीटर चालायचं. वाट बरीचशी सावलीची, शेवटी चढ. गाडीनं येणाऱ्यांना वरच्या वाहनतळावरून उतरत जावं लागतं किंवा छोटी बस घ्यावी लागते. मी म्हणेन चालत या. झाडांतून वळल्यावर खडकावर चढत गेलेली ती घरांची गर्दी अचानक समोर येते. उन्हाळ्यात पँटचे पाय मोज्यात खोचा आणि संध्याकाळी अंगावर गोचीड नाही ना हे तपासा. 'त्सेके' नावाचा हा प्रकार तिथले लोक गांभीर्यानं घेतात, तुम्हीही घ्या.

किल्ल्याचा उल्लेख ११५७ पासून सापडतो आणि तेव्हापासून तो एकाच घराण्याकडे आहे. १२६८ मध्ये भावांत वाटणी झाली. पण आपल्याकडे होतं तसं मधोमध भिंत घालून कोर्टात गेले नाहीत. तिन्ही शाखांनी एकाच तटाच्या आत आपापली घरं उभारली आणि विहीर, देऊळ, दरवाजा सामायिक ठेवले. रुबेनाख, रोडेनडोर्फ आणि केम्पेनिख अशी ती घरं. अशा भाऊबंदांच्या सामायिक किल्ल्याला 'गानएर्बेनबुर्ग' म्हणतात. जागा अपुरी, मग घरं उंच गेली, म्हणून तो फोटोतला दाटीवाटीचा आकार. पुढे रोडेनडोर्फ शाखा खुंटली, रुबेनाखांचा वाटा केम्पेनिख शाखेनं घेतला आणि १८१५ पासून सगळा किल्ला तिच्याकडे आला.

आतल्या सभेच्या दालनात वर बघायला विसरू नका. विदूषकांचे मुखवटे म्हणजे इथे मोकळं बोलायची मुभा, आणि दारावरचं गुलाबाचं फूल म्हणजे बोललेलं बाहेर न्यायचं नाही. भाऊबंदकीच्या बैठकीला याहून शहाणी सजावट मी पाहिलेली नाही. आत फोटो काढायला बंदी आहे. घर खासगी आहे, तक्रार करू नये.

१३३१ ते १३३६ या काळात ट्रियरच्या आर्चबिशप बाल्डुइननं या घराण्याशी वैर मांडलं आणि समोरच्या टेकाडावर ट्रुट्सएल्ट्स नावाचा मारा करायचा छोटा किल्ला बांधला. त्याचे अवशेष जवळच आहेत. एल्ट्सची गर्दी नकोशी झाली की तिथे जा, दहा मिनिटांत शांतता.

सकाळी उघडताना पोचलात तर ठीक. सुट्टीच्या दिवशी अकरानंतर रांग नक्की.

पडके किल्ले आणि १६८९

या भागात फिरताना १६८९ हे साल पुन्हा पुन्हा पाटीवर दिसतं. फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या फौजांनी तेव्हाच्या युद्धात कोखेम, बाखाराखचा श्टालेक, बाइलश्टाइनचा मेटर्निख असे किल्ले उडवले. त्याच वर्षी रायगड मोगलांच्या हाती गेला होता. परकी भूमीवरचं साल आपल्या पोटात असं कालवाकालव करतं तेव्हा माहितीपत्रकाची गरज उरत नाही.

ऱ्हाईनवरचा सर्वांत मोठा अवशेष म्हणजे संक्ट गोआरचा राइनफेल्स. काउंट डीटरनं १२४५ मध्ये बांधायला घेतला, १६९२ च्या हिवाळ्यात त्यानं फ्रेंच वेढा परतवला (तेव्हा इकडे जिंजीचा वेढा चालू होता), आणि शंभर वर्षांनी क्रांतिकाळातल्या फ्रेंच सैन्यानं तो सुरुंग लावून फोडला. खाली सुरुंगांचे बोगदे आहेत. त्या दिवशी आत सोडताहेत का, हे खिडकीवर विचारा आणि विजेरी घरूनच आणा. मोबाइलचा उजेड अपुरा पडतो.

काउबसमोर नदीच्या मधोमध खडकावर फाल्त्सग्राफेनश्टाइन आहे, १३२६-२७ मध्ये नदीवरचा जकातीचा नाका म्हणून बांधलेला. मुरुड-जंजिरा पाहिलेल्यांना होडीत बसतानाच ओळख पटेल. पाणी फार चढलं तर होडी बंद, म्हणून सकाळी चौकशी करूनच निघा. आणि मोझेलच्या गाडीत कोबेर्न-गोंडोर्फ आलं की खिडकीबाहेर लक्ष असू द्या. तिथल्या फॉन डेअर लायेन वाड्याच्या आवारातूनच रेल्वे आणि रस्ता काढलेला आहे. तिकीट न काढता वाडा पाहण्याचा हा एकच प्रकार मला माहीत आहे.

सपाटीवरचे वाडे

दुसऱ्या खेपेला वेस्टफालेनमधलं म्युन्स्टरलांड. इथे डोंगर नाहीत, म्हणून संरक्षणाला पाणी. वाड्याभोवतीच्या खंदकाला तिथे 'ग्रेफ्टे' म्हणतात. हा प्रदेश सायकलचा आहे. म्युन्स्टरच्या स्टेशनलगत भाड्यानं मिळते आणि 'शंभर वाडे' नावाचा सायकलमार्ग सुमारे ९६० किलोमीटरची वळणं घेत फिरतो. एका दिवसापुरता तुकडा हवा असेल तर ल्यूडिंगहाउझेन ते नॉर्डकिर्खेन घ्या, दहा किलोमीटरच्या आसपास. ल्यूडिंगहाउझेनचा बुर्ग फिशेरिंग १२७१ चा, गोल, पाण्यात बसलेला, आत संग्रहालय. नॉर्डकिर्खेनचा श्लॉस १७०३ मध्ये सुरू झाला, योहान कोनराड श्लाउन या वास्तुविशारदानं पुरा केला आणि लोक त्याला वेस्टफालेनचं व्हर्साय म्हणतात. आत करअधिकारी घडवणारं सरकारी महाविद्यालय आहे! बाग मोकळी, दालनं फेरीतच. याच श्लाउननं १७४५ ते १७४९ मध्ये म्युन्स्टरजवळ स्वतःसाठी र्‍यूशहाउस बांधलं. समोरून शेतकऱ्याचं घर, मागून सरदाराचा वाडा. मला नॉर्डकिर्खेनपेक्षा तेच जास्त आवडलं.

आई-बाबा मे-जूनमध्ये भारतातून आले असतील तर त्यांना मार्क्सबुर्गच्या पायऱ्यांवर नेऊ नका, इथे आणा. सपाट वाटा, बाकं, बदकं.

ईशान्येचं मेक्लेनबुर्ग-फोरपोमेर्न हा हेरेनहाउसचा मुलूख. १९४५ मध्ये सोव्हिएत अमलाखाली १०० हेक्टरवरच्या जमिनी मालकांकडून काढून घेतल्या. वाड्यांत निर्वासित राहिले, पुढे बालवाडी, दुकान, कचेरी आली. १९९० नंतर काहींना नवे मालक मिळाले, काही अजून छताविना आहेत. म्युरित्स सरोवराच्या टापूतला उलरिखसहुझेन १५६२ चा, १९८७ मध्ये जळाला, नंतर पुन्हा उभा राहिला, आता तिथे संगीताच्या मैफली होतात. जूनमध्ये 'मिटसोमर रेमीझे' नावाच्या शनिवार-रविवारी इथले अनेक वाडे खुले होतात, मालक केक-कॉफी देतात आणि ओलीनं फुगलेली भिंतही न लाजता दाखवतात. या भागात मात्र मोटार हवीच.

खाणं, पैसे, मुक्काम

रविवारी खेड्यातली दुकानं बंद असतात. शनिवारी पाणी, फळं, पाव घेऊन ठेवा. किल्ल्याच्या उपाहारगृहात शाकाहारी म्हणून बटाट्याचं सूप मिळतं, पण त्यात बहुधा डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. 'ओने श्पेक', म्हणजे त्यांच्याशिवाय, असं म्हणायचं. केझेश्पेट्सले, म्हणजे चीज घातलेल्या अंड्याच्या शेवया, मात्र बेधडक मागवा. तिकिटं साधारण ५ ते १५ युरोंच्या दरम्यान असतात आणि लहान ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी ठेवा.

किल्ल्यात झोपायचं असेल तर बाखाराखच्या श्टालेकमध्ये युवा वसतिगृह आहे. सभासदत्व लागतं, शनिवार-रविवार महिनोन्महिने आधी भरतात, आणि सामान पायऱ्यांनी स्वतःच वर न्यावं लागतं. चाकांची बॅग आणली तर गावभर आवाज होतो.

शेवटी गावातले एकटे मनोरे. हे कुठल्याच यादीत धड नसतात. दारावर चिकटवलेल्या कागदावर असतं की किल्ली अमुक गास्टहाउसमध्ये (गावातल्या खानावळीत) किंवा ग्रामसंस्थेच्या कार्यालयात मिळेल. गास्टहाउसमध्ये जायचं, 'गूटन टाग' म्हणायचं, वहीत नाव लिहायचं, मागितलं तर ओळखपत्र ठेवायचं. हातात येते ती किल्ली पुष्कळदा वीतभर लांब असते, हरवू नये म्हणून लाकडाच्या ठोकळ्याला बांधलेली. वर जाताना दार आतून लावून घ्या, वारा जोराचा असतो. आणि खाली आल्यावर स्वयंपाकघर बंद व्हायच्या आत परत करा. दुपारी दोन ते पाच तिथे कुणीच नसतं, आणि आपलं ओळखपत्र आत अडकलेलं असतं.